आत्याची शिट्टी

नांदेड,
२८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आत्यास सृष्टीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पाकीट बघून घाबरशील म्हणून आधीच सांगते, घरी सगळे बरे आहेत. पप्पांचा गुडघा आहे तसाच. तुझ्या फोनवर लिहायची हिंमत झाली नाही. तुझ्या लेकाला, उमादादाला, मी गेल्या आठवड्यात मेसेज केला होता, की दादा, चूक झाली, रागावू नको. त्या मेसेजचा फोटो तासाभरात निलंग्यापासून देगलूरपर्यंत फिरला. कागद बरा, तो एका वेळी एकाच घरी जातो. पाकीट मंजुश्रीवहिनीच्या नावानं टाकलंय, ती तुझ्या हातात देईल.

जाहिरात तू बघितलीच असशील. अमृतरावांच्या टीव्हीच्या दुकानासाठी मी दिवाळीला केलेली. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेली आजी बाहेरच्या खोलीत एकटीच सिनेमा बघत असते, रंगात येते, डावीकडं बघते आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की सून लाटणं टाकून पळत येते. एवढंच. आधी लोकांना आवडली. मग कुणीतरी विचारलं की विभूती लावलेल्या बाईला शिट्टी मारताना दाखवायचं म्हणजे काय, आणि दोन दिवसांत समाजातल्या आयाबहिणींची टिंगल झाली असं ठरून गेलं. निलंग्यात सभा झाली, तिच्यात सगळ्यांत पुढं आपलाच दादा. अमृतरावांनी बोर्ड उतरवले, जाहिरात काढून टाकली, तरी लोकांचा राग काही उतरेना.

खरं काय ते फक्त आपल्या दोघींना ठाऊक. बारावीला मला लातुरात खोली करून दिली, तेव्हा तू स्वतःचं घर सोडून माझ्यासाठी भाकरी थापायला आलीस. क्लासवरून मी दमून आले की तू मला सिनेमे सांगायचीस. तुझ्या आवडत्या सिनेमांतला पहिला नंबर कधी बदलला नाही. ती नावाडीण, जी भर पुरात सावकाराला होडीतून उतर म्हणते! त्या जागी तू निलंग्याच्या सिनेमाच्या तंबूत शिट्टी मारली होतीस, श्रावणातल्या सोमवारी, महादेवाहून तशीच आलेली, कपाळावर विभूती. सांगताना दर वेळी तुझी मान आधी डावीकडं वळायची, म्हणून मी जाहिरातीतल्या नटीबाईंनाही तसंच करायला लावलं. हे कुणाला सांगायचं नाही असं तू वचन घेतलं होतंस. मी सांगितलं नाही आत्या, सरळ विकलं.

आता समाजाच्या समितीचं म्हणणं असं की १७ नोव्हेंबरला, सोमवारी, मी निलंग्याला येऊन सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागावी. नाही मागितली तर अमृतराव आमच्या जाहिरात कंपनीकडचं काम काढून घेणार आणि साहेब मला काढणार. माफीला माझी ना नाही. पण मी गुन्हेगार तुझी आहे, त्यांची नाही, आणि तुझं नाव तर मला घेता येत नाही. काय करू ते तूच सांग. घास उतरत नाही.

मनसोक्त शिव्या दे, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
सृष्टी

•

निलंगा,
२ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टीस आत्याचे पोटभर आशीर्वाद. शरणु शरणार्थी.

तुझं पत्र पावलं. मंजुश्रीनं ते पिठाच्या डब्याआडून काढून असं गुपचूप दिलं, जसं काही मी सोळा वर्षांची आणि पत्र शेजारच्या पोराचं. लई हसू आलं. आधी जेव. उपाशी राहून कुणाचं भलं झालेलं मी बघितलं न्हाई.

जाहिरात मी चोरून कितीदा तरी बघितली. बाई बरी निवडलीस, पण शिट्टी तिची न्हाई, मागून दुसऱ्या कुणी वाजवलेली आहे. मला कळतं. बोटं लई आत घातली तिनं. आणि सिनेमा बघताना पदर असा चापूनचोपून कुणाचा राहतो गं? पण शिट्टीनंतर ती हसली ना, तेवढं मी परत परत लावून बघितलं. मला राग आला न्हाई. आपल्याला कुणीतरी बघून ठेवलं होतं, असं वाटलं.

आता माझं ऐक. सभेत उमानं मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मला वाटलं नुसतं बसायचं असंल. तर त्यानं माईकच हातात दिला आणि म्हणला की आई, आपल्या घरातल्या बाया कशा असतात ते सांग. समोर सगळा बाजार लोटलेला. मी म्हणलं की आमच्यातल्या बाया असलं काही करत न्हाईत, ज्यानं हे दाखवलं त्याला लाज पाहिजे. टाळ्या पडल्या. उमा खाली मान घालून होता, मला वाटलं पोराला आईचं कौतुक वाटून भरून आलं. घरी आले आणि आरशात बघवंना. तू विकलं म्हणतीस. मी तर माझं मलाच नाकारलं, आणि वर तुझी लाज काढली. जिला वर्षभर माझ्या हातानं जेवू घातलं, तिची.

उमाला यातलं आता काही ध्यानात न्हाई आणि येऊ देऊ नको. त्याचे वडील गेल्यापासून आडत दुकान, समिती आणि मानपान यातच त्याचा जीव अडकलेला. आपली आई तंबूत शिट्ट्या मारायची हे लोकांना कळलं तर तो बाजारात मान वर करायचा न्हाई.

आणखी एक. सोमवारी माफी घ्यायला मलाच बसवणार आहेत. सगळ्या आयांच्या वतीनं मी. तू माझ्यापुढं हात जोडायचे आणि मी मान हलवायची. हे मला जमायचं न्हाई, आणि न्हाई म्हणायचा धीरही न्हाई. तुला काय सांगू, माझंच मला सुचंना.

तुझ्यावरची माया आहे तिथंच आहे, तू आपली माया आटू देऊ नको.

तुझी आत्या,
मल्लम्मा

•

नांदेड,
६ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

शिट्टीतली खोट तू बरोबर पकडलीस. ती आमच्या कॅमेरावाल्यानं मारली होती. वाचून ऑफिसात मोठ्यानं हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

सभेचा व्हिडिओ मी आधीच बघितला होता. खोटं कशाला बोलू, एक दिवस तुझा राग आला. मग लक्षात आलं की माईक दादानं दिला असला तरी त्या खुर्चीपर्यंत तुला मीच नेलं. तू आयुष्यभर जपलेली एक गोष्ट मी टीव्ही खपवायला वापरली.

म्हणून ठरवलंय, मी येते. हात जोडते, तू मान हलव. मी कुणाला आणि कशासाठी हात जोडतेय ते आपल्या दोघींना कळेल, तेवढं पुरे. दादाला काही कळणार नाही. फक्त ती लाल इरकल नेसून बसू नकोस. लातुरात माझा निकाल लागला त्या दिवशी तू ती नेसली होतीस. ती बघितली तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

नंतर तुझ्याकडंच मुक्काम करते. दिवाळीची आपली आवडत्या सिनेमांची यादी यंदा राहूनच गेली. माझा पहिला नंबर अजून तोच, ज्यात तू म्हणतेस की दोन तास नुसता पाऊस पडतो आणि शेवटी बाई दार लावते. दादाचा आवडता सिनेमा कोणता, ते मात्र आपण कधी विचारलंच नाही.

तुझ्या मायेला मी पात्र नाही, तरी ती असू दे.

तुझी,
सृष्टी

•

निलंगा,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टीस उमाशंकरचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनच केला असता, पण तुझा तो मेसेज मीच पुढं पाठवला होता. त्यानंतर तुला फोन करायला तोंड उरलं नाही. परवा मंजुश्री घरी नव्हती, तर पोस्टमननं तुझं पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते फोडलं नाही, आईला नेऊन दिलं. ती वाचत बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

संध्याकाळी समितीची माणसं घरी आली. तू कुठं उभं राहायचं, काय बोलायचं ते ठरत होतं. माणिकप्पाचा हट्ट होता की माफी चप्पल काढून मागावी. तेवढ्यात आई आतून बाहेर आली, लाल इरकल नेसून. म्हणाली की जाहिरातीतली बाई म्हणजे मीच हाय, बघा. आणि तिनं तोंडात बोटं घातली. तुला ठाऊक आहे, तिला आता कवळी आहे. नुसती हवा आली. पुन्हा घातली, पुन्हा हवाच. माणिकप्पा फिसकन हसला. समितीतले थोरले गुरुबसप्पाकाका हसले नाहीत, माझ्याकडं बघत राहिले. आणि मी म्हणालो की आईचं वय झालंय, आजकाल ती असंच काहीबाही बोलते.

सगळ्यांनी चहा घेतला आणि गेले. मी आत गेलो तर तिनं कवळी वाटीत काढून ठेवली होती आणि भिंतीकडं तोंड करून पुन्हा प्रयत्न करत होती. मला बघून म्हणाली की दातच न्हाईत रे, न्हाईतर दाखवलं असतं.

सृष्टी, आईला वाटतं मी लहान होतो, मला काही आठवत नाही. मी जाहिरात बघितली त्याच घडीला ओळखलं. कुणी आईला ओळखायच्या आत आपणच इतकं ओरडावं की पुन्हा कुणी तिकडं बघूच नये, म्हणून मी सगळ्यांच्या पुढं झालो. माईक मुद्दाम तिच्या हातात दिला. तिच्याच तोंडून नकार निघाला की विषय मिटला, असा माझा हिशोब. ती तसं बोलली आणि मला मान वर करता आली नाही.

श्रावणातल्या त्या सोमवारी तंबूत मी तिच्याजवळ बसलो होतो, डाव्या बाजूला. तिसरीत होतो. जाहिरातीतल्या आजीनं शिट्टीच्या आधी डावीकडं बघितलं, ते तुला नुसती लकब वाटली असेल. तेव्हा आई माझ्याकडं बघत होती, मारू का म्हणून. आणि मी मान हलवून हाव म्हणालो होतो. मग शिट्टी वाजली, माझ्या वर्गातली पोरं मागं वळून हसली, आणि मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. घरी आल्यावर म्हणालो की पुन्हा असं केलंस तर तुला आई म्हणणार नाही. ती परत कधी तंबूत गेली नाही. तो सिनेमा मला फार आवडला होता. आजही तोच सगळ्यांत जास्त आवडतो. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

सोमवारची सभा होईल. तू ये, पण हात जोडायला नको. बोलणार मी, जे वर लिहिलंय ते सगळं, माईकवरून. तुझ्या साहेबांना आणि अमृतरावांना मी स्वतः भेटेन. आईला अजून काही बोललो नाही. घरात बोललो तर ती लगेच माफ करून टाकेल आणि मी स्वस्तात सुटेन. ज्या लोकांसमोर तिला नाकारायला लावलं, त्यांच्यासमोरच बोललं पाहिजे. तिच्या उजवीकडची खुर्ची तुझी. डावीकडं मी बसतो.

लोभ ठेवावास असं मी काही केलेलं नाही, तरी मागतो.

तुझा,
उमादादा

ता. क. : शिट्टी मला येते. तिनंच शिकवली होती.