काळ्या वाळूतली अंडी

१२ एप्रिल, कासार आंबोली
आज कामावर रुजू झाले. बंगला सुरेख आहे. खोली स्वतंत्र, खिडकीशी आंबा, आणि रखवालदार भैरूमामांच्या बायकोने, धोंडाबाईंनी, आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली. पाच वर्षं गुहागरच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखली. आता खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची. आई खूश आहे. टाकीत मासे आहेत, असं मालक जयसिंगराव फोनवर म्हणाले होते. उद्या बघेन.

१३ एप्रिल
मासे नाहीत. समुद्री कासवाची पाच पिल्लं आहेत, तळहाताएवढी.
जयसिंगरावांनी कौतुकाने व्हिडिओ दाखवला. ज्वालामुखीच्या एका बेटावर गेलेली क्रूझ. धुरकट डोंगर, काळी वाळू, आणि भरदिवसा अंडी घालणारी मादी. भोवती मोबाइल धरलेले तीसेक प्रवासी. जयसिंगराव तिच्या पाठीवर बसले. मग तिच्याखाली हात घालून अंडी काढली, वाळूसकट थर्मासात भरली. गाइड हात जोडून विनवतोय, तेही दिसतं. इथे आणून उबवली. मी म्हटलं, हा गुन्हा आहे. ते हसले.
"बाई, माणमधली माझी जमीन आयटी पार्कात गेली तवा कुणी हात जोडलं न्हाईत."
जमीन काय त्या मादीने घेतली होती?

१५ एप्रिल
वनखात्याला तक्रारीचा फोन केला. लेखी अर्ज पाठवा म्हणाले. पाठवला. आजच निघून गेले असते, पण मी गेले तर पिल्लं आठवडाभरात मरतील. पाचही जण दिवसभर टाकीच्या एकाच भिंतीला नाक लावून पोहतात. विहिरीकडच्या.

१९ एप्रिल
सकाळी धोंडाबाई रिकामा हंडा घेऊन आल्या.
"हिरीचं पानी खारं झालंय, ताई. गुरं तोंड लावंनात."
मी चाखलं. समुद्राचंच पाणी. जयसिंगराव म्हणतात, माझ्या हलगर्जीपणामुळे टाकी झिरपली. टाकीतलं पाणी बोटभरही उतरलेलं नाही. हे त्यांना दाखवलं, तर त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

२२ एप्रिल
हिरवळीवर माग. विहिरीपासून बंगल्याच्या पायरीपर्यंत, आणि परत. मधे पोट घासल्याचा पट्टा, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे फटकारे. असे माग मी शेकड्यांनी मोजलेत. ते दोन-अडीच फूट रुंद असतात. हा सात फूट आहे.
भैरूमामांनी तो बघितला आणि बिऱ्हाड बांधलं. मलाही चला म्हणाले. जयसिंगराव म्हणतात, हा माग मीच फावड्याने काढला, पिल्लं चोरायला. चोर कोण? मी?

२४ एप्रिल, दुपार
जयसिंगराव सकाळपासून दिसत नव्हते. सापडले. बंगल्यामागे.
काळी वाळू. ढीगभर. इथे कुठून आली — नीट थापलेली, मादी घरटं बुजवते तशी. हातांनी उकरलं. नखं फाटली. तळाशी ते, गुडघे पोटाशी घेऊन. वाळू चटके देत होती. श्वास होता. मग नव्हता.
ॲम्ब्युलन्स पौडहून निघाली म्हणे. मला रडू येत नाही. राग येतोय. इतकं सांगितलं होतं —

चार वाजता
पिल्लं बादलीत घेतली. जयसिंगरावांच्याच जीपने ताम्हिणी घाट उतरते, उजेड आहे तोवर समुद्र गाठते. सोडून देते, मग काय व्हायचं ते —

फाटकात आहे ती.
जीपपेक्षा रुंद. पाठीवरून वाफ निघतेय. मी ओरडून सांगितलं, अंडी मी नाही नेली, मी पिल्लं परत द्यायला निघालेय. बादली तिच्यासमोर ठेवली. जीपमध्ये येऊन दारं लावली.

बादलीकडे बघत नाही. पिल्लं तिच्याकडे सरपटतायत, तरी बघत नाही. मी पाठीवर बसले नव्हते. मी एक अंडंसुद्धा — तिला कसं सांगू, आम्ही सगळे सारखे —

जीप हलतेय. चाकांखाली काहीतरी उकरत

वाळू आत येतेय. गरम आ