ह्यांची वीत

रविवार, ऑक्टोबर २००५
अंबरनाथ

हाफ स्वेटरची पाठ मुंढ्यापर्यंत विणून झाली आणि गाडं अडलं. जवळच्या सिंधी वस्तीतली, कॅम्प एकमधली लोकरवाली आंटी नेहमी सांगते, "जिसका स्वेटर, उसकी पीठ पे लगा के देख, बेटा." ती पाठ दुबईत. इथे आम्ही घामाने निथळतोय आणि तिकडे ऑफिसच्या एसीत ह्यांना हुडहुडी भरते म्हणे.

आज फोन आला तेव्हा म्हटलं, "अहो, माप द्या."

"टेप कुठली इथे? थांब." ह्यांनी बनियन गादीवर पसरून वितीने मोजलं. "रुंदी दोन वीत. थोडा बारीक झालोय, ओरडू नकोस."

मी आपली खुशीत 'बरं' म्हणून मोकळी. फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. वीत ह्यांची, माझी नाही!

मघापासून लोकरीवर हात पसरून बसलेय. लग्नानंतर गच्चीवर एकदा तळहाताला तळहात लावून बघितला होता. ह्यांची बोटं माझ्यापेक्षा वर आली होती. किती वर? एक पेर? अर्धं? आठवतच नाही. असं कसं आठवत नाही?

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पुढच्या फोनला विचार की."

काय विचारू? तुमचा हात केवढा आहे हो?