टाकीचा चढ

२ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, म्हणून मिनिटं मोजत बसू नका. आमच्या हॉस्पिटलच्या व्यायाम विभागात मी पेशंटना एकच विचारते, किती जड जातंय? शून्य म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं, दहा म्हणजे आता पुढे पाऊल नाही. तुम्ही चारावर राहा. सोपी खूण सांगते: बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. (तुमचं गाणं तसंही शेजाऱ्यांना सोसत नाही.) बोलणं तुटायला लागलं की थांबायचं, उगाच हट्ट नको.

आई जाऊन वर्ष होत आलं. एकटे आहात, जिवाला जपा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पाण्याच्या टाकीच्या चढावर तुझी खूण करून पाहिली. एकट्याने काय बोलायचं, म्हणून पाढे म्हटले. तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी सतराचा पाढा तुटला. थांबलो.

तुझी आई याच खांबाशी गप्प व्हायची. शेवटचे चार-पाच महिने, रोज. खाली अखंड बडबड, आणि इथे आलं की तोंडाला कुलूप. मला वाटायचं, बाईसाहेब रुसल्या. मग मीही फुगून भराभरा पुढे जायचो. ती मागून यायची आणि वर पोचून नुसती हसायची. अगं, तिला दम लागत होता! आणि मी तिला रुसूबाई म्हणायचो.

आता त्या चढावर पाय टाकवत नाही. मला चालायला सांगू नकोस.

तुझे बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आईने मला फोनवर सांगितलं होतं, हल्ली चढ जड जातो. म्हणाली, यांना सांगू नकोस, फिरणं सोडून देतील. तेवढाच वेळ दुकान विसरून माझ्याशी बोलतात. मी 'हळू चाल' म्हटलं आणि फोन ठेवला. दिवसभर परक्यांना विचारणारी मी, तिला नाही विचारलं, किती जड गं? बोल लावायचा तर मला लावा. पण चालणं सोडू नका बाबा. तुम्हीही गेलात तर मी कुणाला विचारू?

चिमणी

२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

वेडे, तुला कसला बोल लावू? आज गेलो. तिसऱ्या खांबाशी मागे वळून उभा राहिलो, तिला यायला लागला असता तेवढा वेळ. मग तिच्या चालीने निघालो. वरपर्यंत बोलता आलं. बोललो.

किती जड, विचारशील. छातीला तीन. बाकीचं तुझ्या दहात मावत नाही.

बाबा