दोन वैरी आया

प्रिय हमीदाआपा,

परवा शाळेच्या मॅडमनी नाटकाची वही पुन्हा काढली. आपलं तेच जुनं नाटक, दोन घराण्यांचं वैर आणि त्यात जीव गमावलेली दोन पोरं. तुझं काम आता कोण करणार, असं त्यांनी विचारलं आणि सगळ्या बायका माझ्याकडेच बघायला लागल्या. म्हणजे या वेळी पोराची आई मी! कालपासून तुझी वाक्यं पाठ करतेय, पण प्रत्येक वाक्य तुझ्याच आवाजात ऐकू येतंय. म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घ्यावं.

आपलं वैर तर नाटकाच्या कितीतरी आधीचं! शेवगावला माझ्या बहिणीचं लग्न होतं. तू शिवलेलं ब्लाउज ऐन लग्नाच्या सकाळी दंडात अडकलं, ना वर ना खाली. सोनईला परत आल्या आल्या मी तुझ्या दारात तणतणत उभी राहिले. तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, "माप गेल्या साली घेतल्यालं हाय. तुजे दंड वाढले, त्याला मी काय करू?"

खरंच होतं गं ते. म्हणून तर जास्त लागलं! आणि मी काय केलं? पिठाच्या गिरणीत चार बायकांसमोर म्हणाले, "हमीदा कापड चोरती, म्हणून ब्लाउज घट्ट व्हत्यात." रागाच्या भरातलं एक वाक्य, पण गावभर फिरलं. बायका शिवायला दुसरीकडे टाकू लागल्या. समोरच्या घरातून दिवसभर येणारा तुझ्या मशीनचा आवाज दुपारनंतर बंद पडायला लागला. मला ते कळत होतं. तरी मी गप्प बसले. सहा वर्षं!

मग मॅडमनी महिला मेळाव्यासाठी नाटक बसवायला घेतलं आणि दोन वैरी आया म्हणून नेमक्या आपल्यालाच उभं केलं. त्या बाहेरगावच्या, त्यांना काय माहीत? तू नाही म्हणशील म्हणून मी हो म्हणाले. तूही अगदी त्याच विचारानं हो म्हणालीस, हे मला फार नंतर कळलं.

काय भांडायचो गं तालमीत! मॅडम खूश. एकदा त्या समजावत होत्या, "हे प्रेमाचं नाटक आहे, बरं का." तू लगेच तोंड उघडलंस. "न्हाई मॅडम, भांडनाचं हाय. पिरेम दोन पोरांनाच झालं. भांडान आख्ख्या गावाला पुरलं." मॅडमनी ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं होतं. काल मला समासात सापडलं.

शेवटच्या प्रवेशात मात्र आपलं घोडं अडायचं. पोरांच्या प्रेतांजवळ दोन्ही आयांनी एकमेकींना मिठी मारायची होती. आपण मारायचो की, मध्ये गव्हाचं पोतं मावेल एवढी जागा ठेवून!

प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझी सून रुबिना काजळाच्या मिशा काढून तुझा मुलगा झाली होती, शेजारची मनीषा माझी मुलगी. दोघी मरून पडल्या. तेवढ्यात मनीषाला डास चावला आणि मेलेल्या पोरीनं खसाखसा पाय खाजवला. जो काही हशा पिकला! मला वाटलं, संपलं नाटक. तू मात्र शांतपणे तिच्याजवळ बसलीस, तिचा पाय पदरानं झाकलास आणि म्हणालीस, "पोरीचा जीव जाईना गं. आपल्या भांडनात अडाकलाय."

हसणारं मैदान सावरून बसलं.

पुढचं वाक्य माझं. काही केल्या आठवेना. तू माझ्याकडे बघत होतीस, आणि माझ्या तोंडून निघालं, "आपा, मी खोटं बोलले. तू कापड कदीच चोरलं न्हाईस."

माईकवर! सगळ्या गावासमोर! मॅडम पडद्याआडून वही चाळत राहिल्या, हे वाक्य कुठलं म्हणून. तू मला गच्च जवळ ओढलंस आणि कानात पुटपुटलीस, "ठाव हाय मला. आता रड, नाटक हाय." मी रडले. पण आपा, तुझाही खांदा हलत होता. मला कळलं बरं का!

दुसऱ्या दिवशी तुझ्या ओट्यावर बायकांची रांग लागली, त्यात पहिली मी. दंडाला टेप गुंडाळून तू म्हणालीस, "अगं बया!" आणि दोघी हसून हसून लोळलो.

त्या सहा वर्षांत तुझं घर कसं चाललं, हे विचारायची हिंमत मात्र मला कधी झाली नाही. एकदाच विषय काढला, तर म्हणालीस, "तुजा राग करन्यात दिवस बरा जायचा." ते हसण्यावारी नेऊन तू मला वाचवलंस. तसंच आजारपणही हसण्यावारी नेलंस. ईदेचा शीरखुर्मा स्वतः घेऊन आलीस आणि पुढच्या महिन्यात निघून गेलीस. शेजारणीला एवढंही सांगू नये?

तर आपा, तुला एक शब्द देते. धाकट्या जावेशी दिवाळीपासून मी अबोला धरलाय. कारण एवढं फुटकळ आहे की तुला लिहायचीही लाज वाटते. उद्या सकाळी मी तिच्याकडे जाणार. तिनं दार लावून घेतलं तर पायरीवर बसून राहीन, पण तिच्या हातचा चहा पिऊनच परत येईन.

तुझी समोरच्या घरातली,
सुनंदा