तारेचे सात वेढे

संत तुकाराम नगर, पिंपरी
१२ फेब्रुवारी २०२५

ती. उद्धवमामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात मनन-वही लिहावी लागते. आज काय पाहिलं, काय शिकले, कल्पना कुठून आली आणि कुठे गेली, हे रोज लिहायचं. माझी पहिली बारा पानं वाचून निरंजन सर म्हणाले, की हे मनन नसून मीटर बदलून मिळण्यासाठी केलेला अर्ज वाटतो. मग म्हणाले, चित्रातलं ज्याला काही कळत नाही अशा माणसाला पत्रं लिही. मला लगेच तुम्ही आठवलात.

दोन आठवडे आम्ही फक्त स्टीलचा तांब्या काढतोय. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटांत मोकळी झाले. सरांनी विचारलं, हा तांब्या कुठे आहे? मी समोर बोट दाखवलं. ते म्हणाले, समोरच्याला पोचा आलाय, तुझ्याला नाही. समोरच्याचं तोंड लंबगोल दिसतंय, तू गोल काढलंस, कारण ते गोल असतं हे तुला माहीत आहे. माहीत असलेलं काढू नकोस, दिसतंय ते काढ. तेव्हापासून मी त्या पोच्यापाशी बसले आहे. आई म्हणते, पोचेच बघायचे तर आपली मांडणी काय वाईट होती?

गुरुवारी कल्पना-विकासाचा तास असतो. कागदाच्या मध्यभागी एक शब्द लिहून त्याला वीस पाय फोडायचे. माझा शब्द होता पाणी. अकराव्या पायाला मी टँकरवर आले आणि तिथेच थांबले. शेजारची वर्षाली अस्तित्वापर्यंत पोचली. तिला जास्त गुण.

मुद्दा असा, की सुरक्षा सप्ताहात, ४ मार्चला, आमचा वर्ग चित्रं काढायला तुमच्या कंपनीत येणार आहे. मला ओळख दाखवू नका.

मामींना नमस्कार. माया आहे तेवढी ठेवा, उत्तर मात्र जास्त लिहा.

तुमची,
योगिनी

चाकण
१९ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पिंपरीहून चाकणला यायला पाच दिवस लागले. चाकण चौकातल्या गर्दीतून आलं असेल तर वेळेवर आलं म्हणायचं.

एका तांब्याला दोन आठवडे हे वाचून मन भरून आलं. आमच्याकडे मला तिसऱ्या दिवशी मेमो मिळाला असता.

कल्पनांचा मोसम आमच्याकडेही आहे. एचआरला समर्थ साहेब नवे आले आहेत, वय तीस. त्यांनी आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे, कल्पनापेटी बसवली. पहिल्या आठवड्यात दोन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत लिहिलं होतं, पंखे दुरुस्त करा. दुसरीत होतं, चालू असलेल्या एकमेव पंख्याखाली ही पेटी ठेवली आहे, ती हलवा म्हणजे तिथे उभं राहता येईल. साहेबांनी पेटी हलवली आणि पेटी यशस्वी झाल्याचा अहवाल वर पाठवला. सुरक्षा सप्ताहाचं घोषवाक्यही त्यांचंच: शून्य अपघात, अनंत भरारी. तुमची चित्रं कँटीनच्या भिंतीवर लागतील आणि सगळ्यांत चांगलं रिसेप्शनला.

तू आलीस की प्रेस नंबर चारपुढे बस. तिथे दीपमाला असते. आपल्या औशाकडचीच पोरगी, ठेकेदाराकडून आलेली. तासाला साडेचारशे पीस काढते, हात दिसत नाहीत इतके चालतात. मी सत्तावीस वर्षं या शॉपमध्ये आहे, त्यातली बारा सुपरवायझर म्हणून, पण असा हात पाहिला नाही.

ओळख दाखवणार नाही. ताईला सांग, मामीने शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे.

तुझ्यावर जीव आहेच, वेगळा काय लिहू.

तुझा,
उद्धवमामा

पिंपरी
९ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

ओळख दाखवणार नव्हतात. सिक्युरिटीपासून कँटीनपर्यंत प्रत्येकाला आमच्या ताईची मुलगी म्हणून सांगितलंत आणि मला पाच चहा प्यावे लागले.

बाकीच्यांच्या चित्रांत कल्पना होत्या. वर्षालीने हेल्मेटमधून उगवणारं सूर्यफूल काढलं. दोघांनी गरुड काढले. एकाने पृथ्वी उचलणारा हात काढला आणि सुरक्षा म्हणून त्याला हातमोजा घातला. मला काहीच सुचेना, म्हणून तुम्ही सांगितलंत तिथे बसले आणि दिसलं ते काढलं. चार तास लागले. दीपमालाचे हात खरंच दिसत नाहीत. मग मी एका वेळी एकच बोट बघायचं ठरवलं. ते पुन्हा पुन्हा त्याच जागी येई, तेव्हा थोडं थोडं काढलं.

सगळ्यांत जास्त मजा आली वरच्या भागात. तिथे एक जाळी उचलून तारेने बांधली आहे ना, ती. तारेला सात वेढे आहेत. शेवटच्याचं टोक बाहेर आलंय आणि त्यावर तेल आणि धूळ बसून मणी झालाय. तेवढ्यालाच चाळीस मिनिटं लागली. ती तार कशासाठी असते?

सर म्हणाले, निरीक्षण उत्तम, पण कल्पना कुठे आहे? समर्थ साहेब म्हणाले, अगदी फोटो, रिसेप्शनला हेच लावू. आईने तीन ठिकाणी फोन करून कळवलं आहे.

लोभ वाढला असेल तर चटणी पाठवा.

तुमची,
योगिनी

चाकण
१५ मार्च २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद.

घाईत लिहितोय. हे पत्र वहीत लावू नकोस, सरांनाही दाखवू नकोस.

तुझं चित्र रिसेप्शनला दोन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी समर्थ साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चित्र टेबलावर होतं आणि तारेवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. मेच्या सहा तारखेला परदेशी ग्राहक तपासणीला येणार आहेत. साहेबांनी विचारलं, हे त्यांनी पाहिलं तर? मी म्हटलं, साहेब, मशीन पाहिलं तर? ते म्हणाले, मशीनवरची तार त्या दिवशी आपण काढतोच, चित्रातली कोण काढणार?

तुला समजावं म्हणून सांगतो. ती जाळी डायपुढे, म्हणजे वरून पत्र्यावर आदळणाऱ्या साच्यापुढे असते. ती खाली आल्याशिवाय प्रेस चालत नाही, म्हणजे हात आत सापडत नाही. पण एकेका पीसमागे दोन सेकंद जातात. वरून जो आकडा येतो तो जाळी लावून बसत नाही. म्हणून जाळीच्या स्विचला चिकटपट्टी लावतात आणि ती वर बांधून ठेवतात. काही होत नाही. मुली सरावलेल्या आहेत.

साहेब चित्र तुझ्याकडे पाठवतायत. तार पूस, जाळी खाली काढ. दहा मिनिटांचं काम आहे. मामाचं एवढं ऐक.

उद्धव

पिंपरी
२० मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न.

चित्र मिळालं. तुमचा शब्द मोडायचा नव्हता म्हणून जाळी काढून पाहिली. न बघता काढली, तर ती आमच्या खिडकीच्या ग्रिलसारखी आली आणि दीपमाला तुरुंगात बसल्यासारखी दिसायला लागली. पुसून टाकली. तार पुसली नाही.

पत्र सरांना दाखवलं नाही. पण चित्र परत आलेलं पाहून त्यांनी कारण विचारलं, तेव्हा जाळी नाही म्हणून, एवढंच सांगितलं. ते एकदम खूश झाले. म्हणाले, आता तुला कल्पना सापडली, अनुपस्थिती. तिला वीस पाय फोड. मला वीस पाय फोडायचे नाहीत, मामा. मला दहा बोटं दिसतात. मी ती एकेक करून काढली आहेत. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटावर अंगठी काढून ठेवल्याचा पांढरा वळ आहे.

काही होत नाही असं तुम्ही लिहिलंत. ते तुम्हाला माहीत आहे, की तुम्ही पाहिलंय? मला सरांनी तांब्यापुढे बसवलं तसं तुम्ही एकदा प्रेस चारपुढे बसा. वीस मिनिटं, आकड्याकडे न बघता. तोवर मला पुसायला सांगू नका.

रागावलात तरी पत्र लिहा.

योगिनी

चाकण
३ एप्रिल २०२५

चि. योगिनीस,
अ. उ. आ.

पत्र नाही म्हणून ताईचे दोन फोन आले. मी रागात होतो. जिला खांद्यावर बसवून देहूरोडला रणगाडा दाखवला ती आता मला बघायला शिकवते, असं मामीला म्हणालो. मामीने विचारलं, मग बसलात का? तीन दिवस तिने दुसरं काही विचारलंच नाही.

सोमवारी दुपारच्या शिफ्टला स्टूल घेऊन बसलो. दीपमालाला वाटलं तिचं काही चुकलं. तिला म्हटलं, तू चालू ठेव. आधी मला नेहमीचंच दिसलं, पीस आणि पीस. मग तुझ्यासारखं एकच बोट धरलं. डाय खाली येते तेव्हा हात बाहेर असतो, हे मला सत्तावीस वर्षं माहीत होतं. दिसलं ते वेगळंच. डाय सुटते तेव्हा हात अजून आतच असतो. दोघं एकदम निघतात, हात जरा पुढे असतो एवढंच. मध्ये चार बोटांचं अंतर, कधी तीन. वीस मिनिटांत तिने दोनदा जांभई दिली, एकदा माशी हाकलली. एकदा मागून कुणी हाक मारली तेव्हा तिने मान वळवली, हात मात्र चालूच राहिले. रोज अशी हाक मीच मारतो, आकडा किती झाला हे विचारायला.

आणखी एक सांगायचं राहिलंय. बांधतात, असं मी तुला लिहिलं होतं. ती तार मी बांधली आहे. सातही वेढे माझे.

समर्थ साहेबांकडे गेलो. जाळी लावा म्हटलं असतं तर त्यांनी मला आकडा दाखवला असता. म्हणून सांगितलं, की मुलगी समोर दिसतं तेवढंच काढते, तिचं शिक्षणच तसलं आहे. चित्रात जाळी हवी असेल तर चित्र होईपर्यंत मशीनवरही लागेल. त्यांनी विचारलं, किती वेळ? म्हटलं, कलेचं काम, सांगता येत नाही. तार मी माझ्या हाताने तोडली.

दहा तारखेपासून ये. घाई करू नकोस. खोडरबर भरपूर आण.

तुझ्यावर राग नाही, माझ्यावर आहे. लोभ मात्र आपल्या दोघांत तोच राहू दे.

तुझा,
उद्धवमामा

पिंपरी
२८ एप्रिल २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आठ दिवस तुमच्यासमोरच बसले होते, पण शॉपमध्ये बोलता येत नव्हतं म्हणून लिहिते. जाळीला एकशे चव्वेचाळीस चौकोन आहेत. त्यातला एकही मी मनाने काढलेला नाही. समर्थ साहेब रोज विचारायचे, किती टक्के झालं? बुधवारी साठ सांगितलं, गुरुवारी पंचावन्न, कारण उजवी बाजू पुसावी लागली. त्यांनी ते तसंच तक्त्यात भरलं आणि गुरुवारचा रकाना लाल केला.

पहिल्या दिवशी दीपमाला वैतागली होती. जाळी मध्ये येते, लय तुटते म्हणाली. चौथ्या दिवशी डबा खाताना सांगत होती, की घरी गेल्यावर खांदे दुखायचे थांबलेत, का ते कळत नाही. तासाचा आकडा तीनशे चाळीसवर आला होता, शेवटी तीनशे साठ झाला. तुम्ही तो वहीत जसाच्या तसा लिहिलात, ते मी पाहिलं.

सरांनी चित्राला वीसपैकी अकरा दिले. शेरा असा: निरीक्षण प्रगल्भ, कल्पना अविकसित. सूर्यफुलाला सतरा. मी सरांना म्हणाले, की मला कल्पना आधी सुचतच नाही, बघता बघता काहीतरी कळतं आणि मग काय करायचं ते सुचतं. त्यांनी गुण वाढवले नाहीत, पण हे वाक्य स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं.

सहा तारखेला पाहुणे येतील आणि जातील. सातला तार परत बांधतील का, मामा?

जीव लागून राहिलाय, लवकर कळवा.

तुमची,
योगिनी

चाकण
२ जून २०२५

चि. योगिनीस,
अ. उ. आ.

उशीर झाला. सगळं घडून गेल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पाहुण्यांतली एक बाई रिसेप्शनला तुझ्या चित्रापुढे दहा मिनिटं उभी होती. मग शॉपमध्ये येऊन तिने प्रेस चार चित्राशी ताडून पाहिला. त्यांच्या अहवालात चित्राचा फोटो छापून आला, आदर्श व्यवस्था म्हणून. मग वरून हुकूम सुटला, की चारही प्रेस चित्राप्रमाणे ठेवा. कायद्याचा तक्ता मी लागलो तेव्हापासून भिंतीवर आहे, तो कुणी पाळला नाही. चित्र पाळतात.

आकडा घसरला, त्याला जबाबदार माणूस लागतोच. मला डिस्पॅचला, माल गाडीत भरून पाठवायच्या कामावर हलवलं. त्याच पाकिटात सुरक्षा-मित्र म्हणून प्रमाणपत्रही होतं. मामीने दोन्ही कागद वाचले आणि प्रमाणपत्र डब्याखाली घातलं.

माझ्या जागी नवा सुपरवायझर आला आहे. चुणचुणीत पोरगा, वाईट नाही. महिनाअखेर आली, आकडा अडला. शुक्रवारी दुपारी तो तार आणि पक्कड घेऊन प्रेस चारवर चढला. मी चलनं घेऊन दारात उभा होतो. मला बोलायचा अधिकार नव्हता, आणि खरं सांगतो, तोंडही नव्हतं. हे त्याला शिकवणारे आम्हीच.

दीपमाला उठली. दोन्ही हात मागे बांधले. आवाज चढवला नाही. म्हणाली, “दादा, जाळी खाली सोडा. मग बसते.”

त्याने हसून सांगितलं, दोन दिवसांपुरतीच आहे. ती तशीच उभी. मग प्रेस एक थांबला, मग तीन, मग दोन. चौघी उभ्या, हात पाठीमागे. दीपमालाची नोकरी ठेकेदाराच्या एका फोनवर जाते, हे त्या चौघींना आणि मला, सगळ्यांनाच ठाऊक होतं. शॉपमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेरच्या फोर्कलिफ्टचा आवाज आत येत होता. अकरा मिनिटं तो वरच बसून राहिला. मग पक्कड खिशात घातली, खाली उतरला आणि जाळी सोडली. चौघी बसल्या. ठेकेदाराला फोन गेला नाही. दीपमाला आज सकाळीही कामावर होती.

माझी मालाची गाडी त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुटली. उशिराचं कारण वहीत लिहावं लागतं. मी लिहिलं, प्रेस शॉपपाशी उभा राहून बघत होतो.

ताईला नमस्कार, तुला अनेक आशीर्वाद. मामावरचा लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
उद्धवमामा