योजलं होतं

पाथर्डी,
१४ एप्रिल १९७३

प्रिय लीना,

शब्दकोशासाठी तू ‘योजणे’ची इकडच्या बोलण्यातली वाक्यं मागितलीस, त्याला पाच महिने झाले. दर वेळी लिहायला बसायचे आणि कागद बाजूला सारायचे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सातवीच्या मुलींना सांगितलं, योजणे म्हणजे नुसतं ठरवणं नव्हे. पुढचे दिवस डोळ्यांपुढे आणून त्यांची मनात मांडणी करणं. करा वाक्यात उपयोग. वर्गात अकराच जणी होत्या, बाकीच्या आईबापांबरोबर खडी फोडायला. चांगुणाने लिहिलं, ‘मी नर्स व्हायचं योजलं होतं.’ मी ‘होतं’ खोडून ‘आहे’ केलं. तशी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई, हुतंच बराबर हाय. माझं लगीन ठरलं.”

चौदा वर्षांची पोर. मी तडक दुष्काळी कामावर गेले. तिची आई भीमाबाई हातोडी न थांबवता म्हणाली, “पोरीचं वाईट का योजीन मी? त्यांच्या हिरीला पानी हाय, बाई.” चांगुणाला माझ्याकडे ठेवा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण घरात दिवसाला दोन घागरी पाणी, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बोलले नाही. लग्नाला गेले, खण दिला आणि परत आले.

होळीनंतर ती विहीरही आटली. सासरची माणसं कामाच्या शोधात नाशिककडे गेली आणि जाताना त्यांनी हिला माहेरी सोडलं. माहेराला कुलूप, भीमाबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, कुठल्या कारखान्यावर ते कुणालाच सांगता येईना. गेले नऊ दिवस चांगुणा माझ्याकडे आहे. तिला चौथा महिना आहे. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. अंगात रक्तच नाही, बाळंतपण इथे झालं तर दोघांचंही खरं नाही, म्हणाले. परवा मी विचारलं, पुढे काय करावंसं वाटतं ग? ती उठून सासूबाईंना पाणी पाजायला गेली.

लीना, तुमच्या पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नाव घालता येईल, पण बाळंत होईतोवर तिला तिथे राहायला जागा हवी. तुमच्या दोन खोल्या, दिरांची मुलं, सगळं मला ठाऊक आहे. तू नाहीच म्हणशील असं वाटतं, आणि म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पोरीला तुझ्याकडे ठेवशील का? ती समोरच बसून रेशनची मिलो ज्वारी निवडते आहे. तिला वाटतंय, मी तिच्या आईचा पत्ता काढायला लिहिते आहे.

तुझीच,
सुनीती