डोहातला मळ्या

२ नोव्हेंबर, पासली
पोचले एकदाची. वेल्ह्याहून टेम्पोत भाताच्या पोत्यांवर बसून आले. कंबरडं मोडलं, तरी मन खूश आहे. एकेका ओढ्यात अडकलेला मासा पिढ्यान् पिढ्या कसा वेगळा होत जातो, ते इथे बघायचंय. रतनबाईंनी पडवीतली खोली दिली. इथली समजूत अशी की घरातलं माणूस गेलं की ते देवाच्या डोहात मासा होतं. रतनबाई रोज सकाळी भात टाकून हाक मारतात, "अवो, या." नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? फाटक्या ओठाचा एक मळ्या मासा खरंच हाताशी येतो. त्यांनी एवढंच मागितलं की बघ, पण धरू नको. मी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, नुसतं बघणार.

५ नोव्हेंबर
हा मळ्या वेगळाच आहे, बहुधा नवी जात. माझ्या संशोधनाच्या सरांना अख्खा नमुना हवा. बाकीचे निसटले, माणसाच्या हाताला सरावलेला तो फाटक्या ओठाचाच तेवढा सापडला. स्पिरिटच्या बाटलीत घातला. संध्याकाळी रतनबाईंनी गरम भाकरीवर लोणी वाढलं. मी मान खाली घालून खाल्लं.

६ नोव्हेंबर
त्या किती वेळ हाका मारत होत्या. भात तसाच तरंगत राहिला. मला विचारलं, हे दिसले का गं? नाही म्हटलं. मीही वरवे गावची, शेतकऱ्याच्या घरातली; मला हे कळायला हवं होतं. शरमेने मेल्यासारखं झालंय.

७ नोव्हेंबर
सारवलेल्या अंगणात डोहाकडून ओला माग. माशाच्या परांचे ठसे. पाणमांजराने मासा ओढला असेल.

८ नोव्हेंबर
माग पायरीपर्यंत. पर नाहीत, आखूड पाय. बाटलीचं झाकण घट्ट, आत नुसतं स्पिरिट.

९ नोव्हेंबर
पाच बोटं, मागे फरफटलेली शेपटी. मासा, मग सरडा— वर्गात उत्क्रांतीचा हाच क्रम शिकवतो आम्ही. बॅग भरली. पण न सांगता कुठल्या तोंडाने जाऊ? आणि सांगू तरी—

१० नोव्हेंबर
टाच. अंगठा. माणसाचं पाऊल. रतनबाईंनी माझ्याशिवाय दोन ताटं वाढली. हसतायत.

११ नोव्हेंबर, सकाळ
दाराबाहेर पाणी ठिबकतंय. रतनबाई कुणाला तरी सांगतायत, अवो, पोरगी लई गुणाची हाय.

फटीतून ओठ दिसतोय— फाटका.

मीच केलं, एवढंच सांगायचंय, जीभ उचलत नाही— कडी हलतेय— त्या म्हणतायत, उघड गं स्नेहल, भिऊ नगं, हे काय तुला धरायचे न्हाईत, नुसतं बघनार—